बाई, एंटर आणि मस्कतची रांगोळी

बाईंना 'मॅडम' म्हटलेलं खपायचं नाही. नवीन मुलगा क्लासला आला आणि सवयीने "मॅडम" म्हणाला की बाई मागे वळून बघायच्या, दाराबाहेर डोकावून यायच्या आणि गंभीर चेहऱ्याने विचारायच्या, "बाहेर तर कुणी नाहीये रे. हाक कुणाला मारलीस?" पोरगं बिचारं कानापर्यंत लाल व्हायचं. पुन्हा त्याच्या तोंडून 'मॅडम' निघायची टाप नसे. बाई म्हणजे बाई, विषय संपला.

मी बाईंकडे आधी शिकायला गेलेले आणि मग शिकवायलाच राहिले. बी.एस्सी. झालेले, नोकरीचा पत्ता नाही, घरात स्थळं बघणं चालू. आई म्हणाली, "समोरच्या बिल्डिंगमध्ये कॉम्प्युटर क्लास आहे, जा, तेवढाच टाइमपास." टाइमपास! बाईंच्या क्लासमध्ये! आईला कुणी हे सांगितलं होतं देव जाणे.

डोंबिवलीत त्या काळात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघालेले. एसी, काचेची दारं, टाय लावलेला मुलगा, भिंतीवर अमेरिकेचा नकाशा. आमच्या बाईंचा क्लास तळमजल्यावरच्या त्यांच्या राहत्या घरात, पुढच्या खोलीत. एसी सोडा, पंखासुद्धा हो-नाही करत फिरायचा. वारा एमआयडीसीकडून आला की खोलीत असा काही उग्र वास भरायचा की डोळ्यांतून पाणी. बाई म्हणायच्या, "रडताय कशाला? अजून प्रोग्रॅम चुकायचाय."

बाई मूळच्या गणिताच्या. कल्याणच्या एका शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं मुलींना भूमिती शिकवली आणि ऐंशीचं दशक संपता संपता एक दिवस नोकरी सोडून कॉम्प्युटर विकत घेतला. लोक तेव्हा रंगीत टीव्ही घेत होते. ठाण्याहून टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसून, मॉनिटर मांडीवर घेऊन बाई आल्या. टेम्पोवाल्याने कळव्याच्या पुलावर सहज विचारलं, "टीव्ही का ताई?" झालं! शिळफाट्यापर्यंत बाईंनी त्याला बायनरी शिकवली. उतरताना तो म्हणाला, "ताई, आपल्याला काय कळलं नाय, पण लय भारी वाटलं." ही पावती बाई अनेक वर्षं अभिमानाने सांगायच्या.

लग्न केलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणायच्या, "वेळ नव्हता." अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली, उजव्या मनगटावर पुरुषी घड्याळ आणि आवाज असा की मागच्या खोलीत दूध उतू जायचं थांबेल.

आणि त्यांचं ते ओळींचं वेड! बाईंना ओळ दिसली की ती नीट लागली आहे की नाही हे बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. स्टेशनबाहेर रिक्षासाठी उभ्या राहिल्या की मागेपुढे बघून लोकांना सांगायच्या, "अहो, तुम्ही जरा इकडे. तुम्ही बाहेर आलात." आणि लोक मुकाट सरकायचे! एकदा एका पोलिसाला त्यांनी असंच सरकवलेलं. तो "सॉरी मॅडम" म्हणाला आणि बाईंनी मागे वळून बघितलं.

क्लासमध्ये नव्या बॅचचा पहिला धडा ठरलेला. कॉम्प्युटर चालूही करायचा नाही. बाई एक कागद फिरवायच्या. कागद कोरा, मधोमध फक्त एक काळीकुट्ट पट्टी. "ओळखा, काय आहे?" कुणी म्हणायचं डाग, कुणी म्हणायचं रेघ. "ही इयत्ता आठवीची भूमितीची अख्खी प्रश्नपत्रिका आहे," बाई सांगायच्या. त्यांच्या पहिल्या प्रिंटरने कागद पुढे सरकवलाच नव्हता आणि सगळ्या ओळी एकीवर एक, एकाच जागी छापलेल्या. "एंटर दाबलं की ओळ संपते, असं तुम्हाला वाटतं. काही संपत नाही. एंटर म्हणजे मजकुरात पडलेलं एक अक्षर, न दिसणारं. ते वाचून कुणी कागद सरकवला तर नवी ओळ. नाही सरकवला तर अशी काळी पट्टी. तेव्हा ओळ लिहिलीत की विचारायचं, ही संपवणार कोण?"

'संपवणार कोण?' हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की मला अजूनही डाळीला फोडणी घालताना ऐकू येतं.

दुसरं वेड मागच्या बाजूचं. कल्याणला साडीच्या दुकानात बाईंबरोबर जायचं म्हणजे दुकानदाराची परीक्षा. तो हौसेने पदर पसरून दाखवतोय आणि बाई साडी उलटी करतायत. "पुढून सगळ्याच छान असतात. मागे दोरे किती लोंबतायत ते बघायचं." माझ्या आईने विणलेला टेबलक्लॉथ त्यांनी आमच्याच घरी, पाहुण्यांसमोर उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "स्वच्छ आहे हो मागून!" आईला हसावं की रडावं कळेना. पण तो टेबलक्लॉथ त्यानंतर आमच्याकडे कायम पाहुण्यांना मागून दाखवला जायचा.

मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी इंटरनेट आलं आणि बाईंची ही दोन्ही वेडं एका जागी आली. मग काय विचारता!

वेबपेजला मागची बाजू असते. म्हणजे पडद्यावर आपण पान बघतो ते पुढून. ब्राउझरच्या मेनूत 'व्ह्यू सोर्स' म्हटलं की वेगळी खिडकी उघडते आणि त्यात त्याच पानाचा मूळ मजकूर, खुणांसकट, जसाच्या तसा दिसतो. जगात लोक ही बाजू अडलं तरच बघतात. बाई आधी तीच बघायच्या. आणि तिथे त्यांना एक चमत्कार सापडला. मूळ मजकुरात कितीही एंटर मारा, दहा ओळी करा, वीस करा, ब्राउझर त्यांना भीकच घालत नाही. सगळे एंटर गिळून टाकतो आणि एकाच ओळीत सलग मांडतो. ओळ हवी असेल तर त्याला वेगळी खूण करून सांगावं लागतं. मागून बघाल तर ओळी शाबूत, पुढून सगळा काला!

बाई त्या दिवशी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटत होत्या. "बघ गं! सांगत होते ना मी! एंटर आहे, पण ओळ संपवणारा कुणी नाही!"

तेव्हा आम्ही पानं बनवणारे छोटे प्रोग्रॅम लिहायला लागलेलो. ठाण्याच्या एका माणसाच्या सर्व्हरवर बाईंनी थोडी जागा घेतलेली. प्रोग्रॅम तिथे चढवायचा, कुणी पत्ता टाकला की तो चालतो आणि तिथल्या तिथे पान तयार करून देतो. त्यासाठी प्रोग्रॅममध्ये मजकुराची एकेक ओळ छापायला सांगायची. बाईंचा हुकूम असा की प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटरची खूण, म्हणजे बॅकस्लॅश आणि एन, टाकलीच पाहिजे.

मी म्हणायचे, "बाई, ब्राउझर ते गिळूनच टाकतो. कुणाला दिसणार आहे?"

"मागून दिसतं."

"मागून बघतं कोण?"

"मी बघते."

टाकत होते मी, शंभरदा दात-ओठ खाऊन. बाकीच्या क्लासमधली पोरं आमचा प्रोग्रॅम बघून फिदीफिदी हसायची. ठाण्याचा तो सर्व्हरवालासुद्धा फोनवर म्हणालेला, "तुमच्या बाई जरा जास्तच नीटनेटक्या आहेत."

आता खरी गोष्ट.

आमच्या बाईंच्या सोसायटीला एक सेक्रेटरी होते. पहिल्या मजल्यावर, बरोब्बर बाईंच्या डोक्यावर राहायचे. सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेले आणि आता सगळं सरकार सोसायटीत आणून ठेवलेलं. जिन्यात सायकल लावू नये, गच्चीत पापड वाळवू नये, पार्किंगमध्ये हसू नये, एवढी एकच सूचना लावायची राहिलेली. क्लासच्या मुलांच्या दारातल्या चपला त्यांना खुपायच्या. खरं तर चपला कशा, तर पट्टीने आखल्यासारख्या. पण तेच त्यांना जास्त खुपत असावं. त्यांनी सर्वसाधारण सभेची नोटीस लावली आणि त्यात ठराव टाकला: राहत्या जागेत चालणारा क्लास तात्काळ बंद करण्यात यावा.

ठराव मंजूर म्हणजे क्लास बंद. बाईंकडे दुसरी जागा नव्हती, या वयात नवी जागा शोधून सगळं परत उभं करायची ताकदही नव्हती. त्या कधी बोलून दाखवायच्या नाहीत, पण तो क्लास हेच त्यांचं सगळं गणगोत होतं. बाईंनी नोटीस वाचली, अंबाड्यातली पेन्सिल काढली, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली आणि घरात निघून गेल्या. त्या दिवशी शिकवताना त्या कुणालाच ओरडल्या नाहीत. बाई ओरडत नाहीत म्हटल्यावर आम्ही सगळेच घाबरलो.

सेक्रेटरींची बायको, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, मात्र अगदी गोड बाई. त्यांची मुलगी मनू लग्न होऊन मस्कतला गेलेली, तिथे एका ऑफिसात नोकरी करायची. काकूंच्या माहेरची एक रांगोळी होती, पाडव्याची. मधोमध गुढी, दोन्ही बाजूंना कोयऱ्या, खाली वेल. काकूंना त्यांच्या आईने शिकवलेली, दुसऱ्या कुणाकडे नाही. ठिपक्यांची रांगोळी, पण आपली नेहमीची सरळ चढत्या-उतरत्या ठिपक्यांची नव्हे. एका ओळीत जास्त ठिपके, दुसरीत कमी, तिसरीत मध्येच जागा सोडलेली. मनूला रेघा पाठ होत्या, हाताला सवय होती. पण ठिपके काही केल्या जमायचे नाहीत आणि ठिपके चुकले की कोयरी गुढीवर जाऊन बसते. दर पाडव्याला काकू तिला फोनवर ठिपके सांगायच्या, "आता एक सोडून दोन, मग मधलं घर रिकामं..." आणि आतून सेक्रेटरी ओरडायचे, "अगं, आयएसडी आहे तो!" दर वर्षी मनू शेवटी साधं स्वस्तिक काढायची आणि फोनवर मायलेकी रडायच्या.

एक दिवस काकू भाजी निवडता निवडता खाली आल्या आणि हे सगळं बाईंना सांगून बसल्या. "आता या वर्षी नातीचा पहिला पाडवा हो. तिच्या दारात आमची रांगोळी पडली असती तर..."

बाई उठल्या. मला म्हणाल्या, "प्रोग्रॅम लिही." काकूंना म्हणाल्या, "तुम्ही इथे बसा."

काकू आयुष्यात पहिल्यांदा कीबोर्डसमोर बसल्या. ठिपक्यासाठी पूर्णविराम, मोकळ्या जागेसाठी स्पेसबार, ओळ झाली की एंटर. मेथीची जुडी मांडीवर, जीभ दातात धरलेली. एक एक ठिपका टोचून टोचून काकूंनी आईची रांगोळी चौकटीत भरली. माझा प्रोग्रॅम ती घेणार, बाईंच्या हुकमाप्रमाणे दर ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश एन छापणार आणि तिचं पान करून देणार. जगात कुठेही उघडा, छापा, कागदाला उदबत्तीने भोकं पाडा आणि वरून रांगोळी टाका.

पहिल्या फेरीत अर्थातच सगळे ठिपके एका ओळीत आले. ब्राउझरने सगळे एंटर फस्त केलेले. मी प्रत्येक एंटरच्या जोडीला नव्या ओळीची खूण घातली. ओळी झाल्या, पण सुरुवातीच्या मोकळ्या जागा त्याने गिळल्या आणि गुढी डावीकडे कोसळली. मग 'प्री' नावाची खूण सापडली. ही खूण आली की ब्राउझर शहाण्यासारखा वागतो, जागा आणि एंटर जिथल्या तिथे ठेवतो. पण मी आधीच्या खुणा काढायला विसरलेले. त्यामुळे प्रत्येक ओळ दोनदा संपली आणि रांगोळी शेवग्याच्या शेंगेसारखी लांब झाली. दर वेळी बाई म्हणायच्या, "मागून दाखव." आणि मागून बघावं तर रांगोळी देखणी उभी! काकू म्हणायच्या, "अय्या, मग हेच पुढे का नाही आणत गं?" शेवटी जादा खुणा काढल्या आणि पुढूनही रांगोळी उमटली. काकूंनी पडद्यावरून हळूच हात फिरवला. बाईंनी तो नंतर फडक्याने पुसला, पण काकू गेल्यावर.

बाईंनी काकूंना सांगितलं, "मनूला म्हणावं, रविवारी सकाळी पान उघड आणि फोन कर." रविवारी सकाळीच सभा होती. मस्कतला सुट्टी शुक्रवारी, रविवारी मनू ऑफिसात, कॉम्प्युटरसमोर असणार. बाईंनी हे मुद्दाम जमवलं की कसं, मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

रविवार उजाडला. मी सकाळी पानावर शेवटचा हात फिरवायला बसले. वरती मराठीत 'पाडव्याच्या शुभेच्छा' लिहिलेलं होतं, ते त्या प्री खुणेच्या आत पडल्यामुळे त्याचा मराठी फाँट जाऊन इंग्रजी गिचमिड दिसत होतं. म्हणून मी प्री काढला. मनात होतं की शुभेच्छा झाल्या की खाली फक्त ठिपक्यांना परत घालावा. तेवढ्यात बाईंनी खुर्च्या लावायला हाक मारली. मी घाईघाईत पान सर्व्हरवर चढवलं आणि तपासलं. काय तपासलं? तर मागची बाजू! बाईंची पट्टशिष्या ना मी! मागून रांगोळी झकास दिसत होती. मी 'मस्त' म्हटलं आणि खुर्च्या लावायला पळाले. पुढून बघितलंच नाही. अशी चूक अख्ख्या भारतात फक्त आमच्या क्लासचं माणूस करू शकतं आणि ती मी केली, याचा मला आजही थोडा अभिमानच वाटतो.

सभा खाली पार्किंगमध्ये. पुरुष खुर्च्यांवर, बायका जिन्याच्या पायऱ्यांवर, जसं कायम असायचं. सेक्रेटरींनी ठराव वाचला. "कुणाला काही बोलायचंय?"

बाई उभ्या राहिल्या. "मला नाही. एक फोन यायचाय."

"सभेत फोन कसला?"

तेवढ्यात जिन्यावरून काकू धावत आल्या. हातात कॉर्डलेस, त्याची एरियल वरपर्यंत ताणलेली. हा कॉर्डलेसही मनूनेच मस्कतहून पाठवलेला. "आला, आला! बोल गं मनू. दिसतंय का?"

मनूचा आवाज पहिल्यापासून खणखणीत, कॉर्डलेसमधून तिसऱ्या रांगेपर्यंत पोचला.

"आई, हे काय गं? नुसती ठिपक्यांची एक लांबच लांब रांग आहे. मुंग्या चालल्यासारखी. संपली की खाली परत मुंग्या."

पार्किंगमध्ये हशा पिकला. प्री! मेले मी! काकूंचा चेहरा एवढासा झाला. सेक्रेटरींनी चष्मा पुसला आणि अगदी सावकाश म्हणाले, "छान. इंटरनेट बघून झालं. आता ठरावाकडे वळू या."

"थांबा," बाई म्हणाल्या.

तो आवाज! सेक्रेटरींचा वर गेलेला हात तिथेच राहिला. बाईंनी माझ्याकडे एकदाच बघितलं, त्यांना सगळं कळलं असणार, आणि काकूंच्या हातून फोन घेतला.

"मनू, मी खालच्या बाई बोलतेय. घाबरू नकोस. तुझी रांगोळी तिथेच आहे, पानाच्या मागे. वरती मेनूत व्ह्यू लिहिलंय? त्यात सोर्स म्हण."

"बाई, ऑफिसचा कॉम्प्युटर आहे, काही बिघडलं तर?"

"बिघडलं तर माझं नाव सांग."

पंधरावीस माणसं एका एरियलकडे बघत बसलेली. कुणाच्या तरी घरातली कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली. आणि मग फोनमधून अशी किंचाळी आली की बाईंनी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला.

"आई! आई गं! आहे! अख्खी आहे! गुढी आहे, कोयऱ्या आहेत, सगळे ठिपके जिथल्या तिथे! आज्जीची रांगोळी आहे गं!"

काकू मटकन पायरीवर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. जिन्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. मला हुंदका आणि हसू एकदमच फुटलं. वर्षानुवर्षं मी शिव्या देत टाकलेल्या त्या बॅकस्लॅश एननी, कुणालाही दिसत नाहीत म्हणून ज्यांना जग हसत होतं त्यांनी, मस्कतला जाऊन ओळी धरून ठेवल्या होत्या!

बाई माझ्याकडे वळल्या. "आता पुढची बाजू कर. मी यांना थोपवते."

मी धावत आत गेले. मॉडेमने नेहमीसारखा घसा खाकरला, शिट्ट्या मारल्या, एकदा लाइन तुटली, मी त्याला ठेवणीतल्या चार ऐकवल्या, मग लागला. ठिपक्यांच्या आधी प्री, ठिपक्यांच्या नंतर प्री बंद. चढवलं. या वेळी पुढूनही बघितलं आणि मागूनही बघितलं. बाहेर बाई सभेला ब्राउझर समजावून देत होत्या आणि, खोटं नाही सांगत, लोक ऐकत होते.

"रीलोड सांगा!" मी खिडकीतूनच ओरडले.

"मनू, रीलोड."

"उमटली!" मनू रडत होती की हसत होती कळेना. "आई, पुढून उमटली! छापतेय मी. आई, आमच्या ऑफिसातल्या मल्याळी मुलीलाही हवीय."

पार्किंगमध्ये टाळ्या. पहिल्या रांगेतल्या दोन खडूस आजोबांनीही वाजवल्या. बाई खाली मान घालून कॉर्डलेसची एरियल एकेक टप्पा आत ढकलत राहिल्या.

सेक्रेटरी काही वाईट माणूस नव्हेत. त्यांचेही डोळे ओले झालेले होते, मुलीचा बाप शेवटी. पण नियम तो नियम. नाक शिंकरून म्हणाले, "कौतुक आहे. मनापासून कौतुक आहे. पण ठराव मांडलेला आहे, तो मताला टाकावाच लागेल. क्लास बंद करावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत." आणि स्वतःचा हात वर केला. त्यांच्या मागे आणखी काही हात, जरा बिचकत, वर गेले.

"अहो, हात खाली घ्या," काकू म्हणाल्या.

"काय?"

"खाली घ्या म्हटलं. शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव माझं आहे. तुम्हीच टाकलंयत, टॅक्सच्या भानगडीसाठी. नियमाप्रमाणे पहिल्या नावाचं मत धरतात ना? दुसऱ्यांच्या घरांना तुम्हीच तर हे ऐकवत असता. मग आपल्या घरचं मत माझं. आणि माझं मत क्लास चालू राहावा असं आहे."

मग तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पायरीवरून खाली उतरल्या. "आमच्याकडेही पहिलं नाव माझंच आहे." त्यांच्या मागून दुसरी, मग तिसरी. खुर्च्यांवरचे हात एकेक करून खाली यायला लागले. जिन्यावर वर्षानुवर्षं बसलेल्या बायका पार्किंगच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या, क्लास चालू राहावा म्हणून हात वर करून. मी मोजले नाहीत. मोजायची गरजच नव्हती. सेक्रेटरींनी सगळीकडे नजर फिरवली, स्वतःच्या हाताकडे बघितलं, आणि तो खाली घेतला.

"ठराव नामंजूर," ते म्हणाले. आवाज जरा बसलेला, पण म्हणाले स्पष्ट.

मी बाईंच्या गळ्यात पडले. बाईंना असलं काही आवडायचं नाही. त्यांनी मला क्षणभर, अगदी क्षणभरच, घट्ट धरलं आणि मग बाजूला सारून टाळी वाजवली. "चला, चला! सभेच्या नादात अकराची बॅच राहिली. ज्यांना शिकायचंय त्यांनी आत, बाकीच्यांनी खुर्च्या जागेवर."

काकू दाराशी आल्या, चपला काढल्या आणि थेट आत शिरल्या. सेक्रेटरी खुर्च्यांच्या गराड्यातून ओरडले, "अगं, तू कुठे चाललीस? जेवणाचं काय?"

"कुकर लावलाय," काकू आतून म्हणाल्या. "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा."